घाबरल्यावर हात कुठे जातो?

गॅरेजमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. एक भंगार आणि दुसरे किस्से. भंगार निदान कोणीतरी टेम्पो लावून घेऊन जातो. किस्से मात्र माझ्याच डोक्यात पडून राहतात. मग कुठे लग्नाला गेले आणि पंगतीत शेजारच्या बाईने विचारलं, “तुम्ही गॅरेजमध्ये? म्हणजे नक्की काय करता?” की माझी जिलबी पानातच राहते.

तर मी अंबडला एका बॉडी शॉपमध्ये क्लेमचं टेबल सांभाळते. ठोकलेली गाडी आली की विमा कंपनीला कळवायचं, सर्व्हेयरला बोलवायचं, फोटो, कागद, रडारड, भांडणं, सगळं माझ्याकडे. हातात पाना कधी धरला नाही, पण गाडी कशी ठोकली ते मालकाच्या चेहऱ्यावरून सांगते. दुसऱ्याने ठोकली असेल तर माणूस शिव्या देत येतो. रिव्हर्स घेताना स्वतःच ठोकली असेल तर गप्प येतो आणि आधी पाणी मागतो.

साध्या गाडीचा क्लेम म्हणजे सरळ काम. घाम फुटतो तो मॉडिफाय केलेल्या गाडीला. गाडीत जो बदल कराल तो आरटीओला आणि विमा कंपनीला आधी सांगायचा, एवढा एकच नियम. आणि तेवढा एकच नियम कोणाच्या लक्षात राहत नाही!

* * *

आमच्याकडे येणारे सर्व्हेयर म्हणजे टिपणीस साहेब. सडपातळ अंगाचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजकं. अपघाताच्या गाडीचं नुकसान किती, ते कशाने झालं आणि क्लेम द्यावा की नाही, याचा रिपोर्ट तेच लिहितात. त्यामुळे ते गेटमधून आत आले की आमचे शेठसुद्धा खुर्चीतून उठतात.

साहेब गॅरेजचा चहा घेत नाहीत. एकदा शेठने फारच आग्रह केला तर म्हणाले, “तुमचा चहा घेतला की डेंट मोठा दिसायला लागतो.”

शेठने कप स्वतः पिऊन टाकला.

स्वतःची पांढरी गाडी साहेब गेटजवळच्या लिंबाखाली लावतात. नेहमी तीच जागा. गाडी जुनी आहे, पण एक ओरखडा शोधून दाखवा! त्या जागेवर दुसरं कोणी स्कूटरही लावत नाही.

त्यांची पद्धत अशी की ते कोणाला पकडत नाहीत. फक्त प्रश्न विचारतात. माणूस आपणहून सापडतो.

एकदा कॉलेज रोडची तीन मुलं गाडी घेऊन आली. गाडीला पुढे भला जाडजूड बंपर बसवलेला, आणि ती डिव्हायडरवर चढवलेली. त्यांना कोणीतरी सांगितलं की असला बंपर दिसला तर क्लेम जाणार. साहेब यायच्या आत या पठ्ठ्यांनी घरच्या माळ्यावरून कंपनीचा मूळ बंपर आणला आणि आमचा डेंटर जेवायला गेलेला बघून बसवूनही टाकला.

साहेब आले. गाडीभोवती एक फेरी मारली. बॉनेट दुमडलेलं, रेडिएटर फुटून पाणी गळतंय, एसीची जाळी आत गेलेली. आणि या सगळ्याच्या पुढे बंपर चकचकीत, शोरूममधून आल्यासारखा!

साहेब बराच वेळ त्या बंपरकडे बघत राहिले. मग मुलांना म्हणाले, “याला कोणी कळवलं नाही का अपघात झाल्याचं?”

त्यातला एक म्हणाला, “सर, तो खूप स्ट्राँग आहे.”

* * *

लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी होता. त्याच्या गाडीच्या डिकीत सामान ठेवायला जागाच नव्हती. डिकीभर स्पीकर. मागून ट्रॅक्टर आदळला आणि स्पीकरसकट डिकी आत गेली. हा माणूस ट्रॅक्टरवाल्यावर एवढा तापलेला की बोलताना तोंडातलं पान सांडत होतं.

“साहेब, माझी काय चूक? मी आपला सरळ चाललेलो!”

“बरोबर,” टिपणीस साहेब म्हणाले. “ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला होता का?”

“दिला आसंल की! पर ऐकू कसा येईल? गाणं चालू होतं ना!”

साहेबांनी पेनचं टोपण लावलं. मी कपाळाला हात लावला. व्यापाऱ्याला अजून कळलेलं नाही की त्याच्या क्लेमचं काय बिघडलं.

हे दोन किस्से मी हसत हसत सांगते. पुढचा सांगताना तेवढं हसू येत नाही, कारण तेव्हा साहेबांच्या प्रश्नापुढे जी उभी होती ती माझ्या मनात भरलेली बाई होती.

* * *

दसरा तोंडावर आला होता. क्रेन एक छोटी निळी गाडी ओढत आत आली. पुढचा डावा कोपरा पार गेलेला, मडगार्ड चाकाला घासतंय. आमच्या डेंटरने दार उघडून आत डोकं घातलं आणि तिथूनच ओरडला, “मॅडम! या गाडीला पेडलंच नाहीत!”

पेडलं होती, पण पत्र्याच्या झाकणाखाली बंद केलेली. त्याऐवजी स्टीअरिंगखाली डाव्या हाताला एक लोखंडी दांडा होता. दांडा पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की गाडी पळणार. ऑटोमॅटिक गाडी, त्यामुळे क्लचची भानगड नाही. सगळं काम हाताचं.

तेवढ्यात क्रेनच्या केबिनमधून एक बाई उतरल्या. दोन्ही पायांना कॅलिपर, काखेत कुबड्या, कपाळावर खरचटलेलं. आल्या त्या थेट माझ्यापाशी.

“ताई, गाडीचं मागून बघू. आधी ते क्रेट सावलीत ठेवा. शेवंती हाय, उन्हानं मरंल.”

या मंगलताई. लहानपणी पोलिओ झाला. मखमलाबादच्या पुढे भावाच्या शेताला लागून त्यांचा स्वतःचा तुकडा आहे, त्यात शेवंती आणि झेंडू. रोज पहाटे फुलं स्वतःच्या गाडीत भरायची आणि स्वतः बाजारात न्यायची, हा त्यांचा नेम. त्या दिवशी पेठ रोडला एका ट्रॅक्टरवाल्याने हात न दाखवता ट्रॉली आडवी घातली आणि गाडीचा कोपरा ट्रॉलीखाली गेला.

मागोमाग टेम्पो घेऊन त्यांचा भाऊ संपत आला. आल्या आल्या सुरू झाला.

“कितींदा सांगितलं, माझ्या टेम्पोत टाकत जा फुलं! ऐकायचंच नाय! आता बास झालं, आता ही गाडी घरी यायची नाय!”

मंगलताईंनी कमरेच्या पिशवीतून गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

“ही तुमच्यापाशी ठेवा. ह्याच्याकडं देऊ नका.”

मी गेली कित्येक वर्षं लोकांच्या चाव्या सांभाळते. बोर्डावर खिळे आहेत, तिथे लावून टाकते. ती चावी मात्र मी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

* * *

गॅरेजचा नियम असा की सर्व्हेयर बघत नाही तोवर गाडीला हात लावायचा नाही. पण क्रेनवाल्याने ती निळी गाडी बरोबर पेंट बूथच्या तोंडाशी सोडलेली. आतली गाडी बाहेर निघेना. मी म्हटलं, चार माणसं लावा आणि ढकला.

“ढकलायची कशाला?” आमचे पगारेमामा म्हणाले. “चावी द्या.”

पगारेमामा देवळाली कॅम्पचे. फौजेत ट्रक चालवून रिटायर झाले आणि आमच्याकडे ट्रायल घेण्याच्या कामाला लागले. आमच्यातला सगळ्यात पक्का हात. बरफात ट्रक रिव्हर्स घेतल्याची गोष्ट त्यांनी चहाच्या टपरीपासून शेठच्या सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवलेली.

“मामा, ही वेगळी गाडी आहे हो.”

“मॅडम, गाडी म्हणजे गाडी!”

मी चावी दिली. मामा बसले, रिव्हर्स टाकला आणि दांडा हळूच ओढला. गाडी शिस्तीत मागे निघाली. आमचा डेंटर टाळ्या वाजवायच्या बेतात होता. मग मागची भिंत जवळ आली. मामांचा पाय सवयीने खाली गेला तो पत्र्यावर आपटला. पायाखाली ब्रेक नाही म्हटल्यावर मामा घाबरले, आणि घाबरून त्यांनी हातातला दांडा ओढला. स्वतःकडे. जोरात.

भिंतीला काही झालं नाही.

गाडीचा मागचा बंपर मात्र फाटला. पुढून ठोकलेली गाडी आता आमच्याच अंगणात मागूनही ठोकली गेली! मामा खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. बरफाची गोष्ट त्यानंतर मी त्यांच्या तोंडून ऐकलेली नाही.

शेठ धावत आले. “साहेब यायच्या आत मागचा बंपर सरळ करा, रंग मारा, विषय संपवा!”

मी मंगलताईंना फोन लावला. वाटलं, चिडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मामाला लागलं का?”

“नाही.”

“मग ऐका. माझ्या गाडीला पुढून लागलंय. मागचं माझं नाय. ते तुमचं तुम्ही करा, पर साहेबाला जे हाय ते सांगा. माझ्या गाडीपायी खोटं बोलू नका.”

खरं बोलायचं ठरलं तेव्हा मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं साहेब येईपर्यंतच टिकलं.

* * *

टिपणीस साहेब आले. लिंबाखाली गाडी लावली, निळ्या गाडीभोवती फेरी मारली. मी मागच्या बंपरचं सगळं सांगून टाकलं. साहेबांना राग आला नाही. त्यांनी पगारेमामांना बोलावलं.

“गाडी थांबवायला काय केलंत?”

“दांडा ओढला, साहेब.”

“ढकलायचा असतो ना?”

“हो.”

“मग ओढलात का?”

मामांनी मान खाली घातली. “घाबरलो, साहेब.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. आम्ही खरं बोललो होतो, आणि ते खरं बरोबर मंगलताईंच्या विरुद्ध उभं राहिलं होतं!

मग साहेब दांड्याकडे वळले. आरटीओच्या नोंदीतला दांड्याचा फोटो फाइलमधून बाहेर काढला आणि गाडीतल्या दांड्याशेजारी धरला. फोटोतला दांडा सरळ, गाडीतला वाकवलेला.

मंगलताई तिथेच स्टुलावर बसल्या होत्या. साहेबांनी विचारलं, “हा बदल कधी केला?”

“गेल्या साली, साहेब. दांडा लांब पडायचा, खांदा भरून यायचा. इथं अंबडलाच एका वर्कशॉपमध्ये तापवून जवळ घेतला.”

“आरटीओला कळवलं?”

“पहिल्यांदा बसवला तेव्हा सगळं कळवलं. हे काय कळवायचं? दांडा तोच हाय.”

“दांडा बदललाय ताई.”

“साहेब, ब्लाउज उसवून दोन टाके आत घेतले, तर काय नवा ब्लाउज होतो?”

आमचा डेंटर हसला. साहेब हसले नाहीत. पण लिहायचेही थांबले.

मग त्यांनी शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. दांडा वाकवून जवळ आणला. जवळच्या दांड्याला घाबरलेला माणूस हटकून स्वतःकडे ओढणार, कारण घाबरल्यावर माणसाचं अंगच मागे जातं. आयुष्यभर गाड्या चालवलेल्या फौजी माणसाने तेच केलं. ट्रॉली आडवी आल्यावर मंगलताईंनीही तेच केलं नसेल कशावरून? आणि तसं असेल, तर अपघात न कळवलेल्या बदलामुळे झाला. क्लेम नाही. शिवाय आरटीओला शेरा जाणार की या दांड्याने ही गाडी चालवणं सुरक्षित आहे का, आणि यांनी ती चालवावी का, हे पुन्हा तपासा.

“मी ढकलला होता,” मंगलताई म्हणाल्या.

“ते तुम्ही सांगताय. गाडीत बघायला दुसरं कोणी नव्हतं.” आणि मग साहेबांचा तो प्रश्न आला. “मला एक सांगा. घाबरल्यावर तुमचा हात कुठे जातो?”

मी मनात म्हटलं, ताई, सांभाळून बोला. साहेबांच्या असल्या प्रश्नांनी आजवर भले भले गेलेत.

मंगलताईंनी खरंच विचार केला. हात मांडीवर उलटा करून बघितला.

“ते आत्ता बसल्या बसल्या कसं सांगू, साहेब? घाबरल्यावर कळंल.”

साहेबांनी डायरी मिटली. “गाडी खोला. पुढच्या वेळी मी स्वतः चालवून बघतो आणि मग रिपोर्ट लिहितो.”

* * *

त्यानंतर गॅरेजमध्ये एक वेगळंच खूळ सुरू झालं.

पगारेमामांनी प्लास्टिकच्या खुर्चीपुढे एक पाइप उभा बांधला. ते खुर्चीत बसायचे, डाव्या हाताने पाइप धरायचे आणि मान डोलावत म्हणायचे, “ढकल. ढकल. ढकल.” मग कोणीतरी मागून येऊन मोठ्याने ओरडायचं, “कुत्रं!”

मामा पाइप ओढायचे.

डेंटर बसला, त्याने ओढला. पेंटर बाळूने ओढला. शेठ म्हणाले, “व्हा बाजूला, एवढं काय त्यात!” शेठने एवढ्या जोरात ओढला की पाइप सुटून हातात आला!

सगळे पोट धरून हसत होते. गर्दी पांगल्यावर मीही गुपचूप त्या खुर्चीत जाऊन बसले. मनात घोकलं, ढकलायचं, फक्त ढकलायचं. मामांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मागून एक रिकामा डबा आपटला.

मी ओढला.

त्यानंतर मला त्या खेळाचं हसू येईना. आमच्यातल्या एकाचाही हात पुढे जात नव्हता. टिपणीस साहेब बरोबर असतील तर? मंगलताई खोटं बोलत नव्हत्या, ही माझी खात्री होती. पण ट्रॉली डोळ्यांसमोर आलेली असताना आपला हात कुठे गेला, हे त्यांना तरी नक्की आठवत असेल का?

* * *

मधे एकदा संपत एकटाच आला. गाडी बघायला आलो म्हणाला, पण गाडीकडे गेलाच नाही. माझ्या टेबलासमोर बसून रुमालाने मान पुसत राहिला.

“मॅडम, एक विचारू? क्लेम नाय झाला तर... म्हणजे नायच झाला तर चालंल आम्हाला.”

मला एवढा संताप आला! म्हटलं, “तुम्हाला चालेल हो, त्यांचं काय?”

तो चिडला नाही. म्हणाला, “मी टेम्पो घेऊन मागंच होतो त्या दिवशी, वळणाच्या अलीकडं. मला दिसलं काय नाय. फक्त आवाज आला. मॅडम, तो आवाज आजून कानातून जात नाय. पळताना माझी एक चप्पल रस्त्यात राहिली ती आणायला बी मी गेलो नाय.” तो घोटभर पाणी प्यायला. “ती काय म्हणती ते मला कळतंय. पर मला ती जिती पाहिजे.”

माझा संताप कुठल्या कुठे गेला.

दोन दिवसांनी मंगलताईंचा फोन आला. गाडीचं विचारून झालं तरी फोन ठेवेनात. मग म्हणाल्या, “संपत लय जपतो हो. टेम्पोत उचलून बसवतो, बाजारात उचलून उतरवतो. पर त्याची कामं झाली की निघायचं. फुलं आर्धी राहिली तरी निघायचं. कोण ओळखीचं भेटलं, दोन शब्द बोलावं, तर हा हॉर्न वाजवतो. ताई, मी क्रेट झालीये. चढवलं की चढायचं, उतरवलं की उतरायचं. दसऱ्याला माझा झेंडू माझ्या गाडीत गेला नाय ना, तर मग मी परत त्या सीटवर बसायची नाय. मला माहिती हाय. एकदा सवय झाली की झाली.”

ड्रॉवरमधली चावी मी त्या दिवशी उगाचच काढून पुसून ठेवली.

* * *

आणि मग तो दिवस आला.

गाडीचा पुढचा बंपर आणि मडगार्ड उतरवलेलं, बॉनेट काढलेलं. दात काढलेल्या तोंडासारखी गाडी अंगणात उभी होती. पण चालत होती. टिपणीस साहेबांनी आपली पांढरी गाडी लिंबाखाली लावली, डायरी शेठच्या हातात दिली आणि बाह्या दुमडल्या. संपतही आला होता. तो भिंतीला टेकून उभा होता, कोणाकडेच न बघता.

“ताई, तुम्ही शेजारी बसा,” साहेब म्हणाले. “काही विचारायचं झालं तर बरं पडेल.”

मंगलताईंनी कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या आणि हाताच्या जोरावर डाव्या सीटवर बसल्या. आपल्याच गाडीत त्या बाजूला त्या पहिल्यांदाच बसत असाव्यात. सीटबेल्ट कुठून येतो ते त्यांना शोधावं लागलं.

पगारेमामा खिडकीपाशी वाकले. “साहेब, एकच सांगतो. ओढू नका. ढकला.”

“मला समजतं, मामा.”

मी ड्रॉवरमधून चावी आणून दिली. गाडी निघाली. साहेबांनी अंगणाची एक फेरी घेतली, हळू, सफाईदार. भिंतीपाशी दांडा ढकलला, गाडी थांबली. पुन्हा ओढला, निघाली. पुन्हा ढकलला, थांबली. साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायला लागलं. पगारेमामा माझ्या शेजारी उभे राहून हवेतच हात पुढे ढकलत होते.

दुसरी फेरी जरा वेगात होती. गाडी पेंट बूथकडून गेटच्या दिशेने वळली. आणि नेमका त्याच वेळी बूथचा पडदा बाजूला झाला आणि पेंटर बाळू बाहेर आला. डोक्यावर नव्याने रंगवलेलं बॉनेट, दोन्ही हातांनी धरलेलं, पुढे काही दिसत नाही, कानात गाणी. सरळ गाडीच्या वाटेत!

“बाळू!” मी ओरडले. त्याला कुठलं ऐकू येतंय!

साहेबांनी स्टीअरिंग फिरवलं. गाडी बाळूच्या अंगाला घासल्यासारखी गेली आणि तिचं तोंड लिंबाकडे झालं. समोर साहेबांची पांढरी गाडी. साहेबांचा पाय पत्र्यावर आपटल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. एकदा, दोनदा. मग मी काचेतून बघितलं. साहेबांचं अंग सीटमध्ये मागे रुतलं होतं आणि दांडा धरलेला त्यांचा हात मागे येत होता. स्वतःकडे.

इंजिन ओरडलं. संपत भिंतीपासून सुटला आणि धावत निघाला. मामांनी डोळे मिटले.

मंगलताईंचा हात आडवा आला. उजवा हात, ज्या हाताने त्यांनी तो दांडा कधी चालवला नव्हता. तो साहेबांच्या मुठीवर पडला आणि साहेबांच्या मुठीसकट दांडा पुढे गेला, पार टोकापर्यंत.

गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरच्या कुबड्या धाडकन पुढे येऊन आदळल्या. निळ्या गाडीचं बोडकं नाक आणि पांढऱ्या गाडीचा दरवाजा यांच्यामध्ये हात घालायलासुद्धा जागा नव्हती. पांढऱ्या गाडीला ओरखडा नाही.

बाळू बॉनेट घेऊन पुढे निघून गेला, त्याला काहीच कळलं नव्हतं. संपत धावत येऊन खिडकीपाशी थांबला, दाराला हात लावला, आणि तसाच उभा राहिला.

आत टिपणीस साहेब समोर बघत होते. त्यांची मूठ अजून दांड्यावर होती, आणि त्या मुठीवर मंगलताईंचा हात. साहेबांनी हळूच मान वळवून त्या हाताकडे बघितलं. दांडा कुठे आहे ते बघितलं. बराच वेळ बघितलं.

मंगलताईंचा श्वास लागला होता, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या,

“साहेब, आत्ता घाबरले होते बरं का मी.”